शब्दाआधीचा श्वास

ओल्या करंगळीनं तिनं फोन चालू केला आणि साखरेच्या डब्याला टेकवून उभा ठेवला. तो लगेच घसरला आणि उपडा पडला. पडू दे, म्हणून ती बटाट्याची सालं काढत राहिली. बघण्यासारखं त्यात विशेष काही नव्हतंच. शनिवारच्या सत्कारात दाखवायला म्हणून शाळेनं तिच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून दोन-दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलून घेतली होती, आणि ती एकापुढे एक जोडून ‘एकदा नजर टाका, मॅडम’ असं म्हणत तिला पाठवली होती. परकीय भाषा शिकवणाऱ्यांचं शहरात एक मंडळ होतं, ते दरवर्षी एका शिक्षकाचा गौरव करायचं. आजवर तो फ्रेंचला गेला होता, मग जर्मनला, मग कुणाचं नाव सुचेना म्हणून पुन्हा फ्रेंचला. यंदा स्पॅनिशला, म्हणजे तिला. कारण शहरात ज्या कुणाला स्पॅनिश येत होतं त्याला ते तिनं शिकवलं होतं, नाहीतर तिच्या हाताखालून गेलेल्या कुणीतरी. तर ती सालं काढत होती, उपड्या फोनमधून पहिलं वाक्य आलं, आणि तिचा हात थांबला. सेन्योरा बोलत होत्या. तिला स्पॅनिश शिकवणाऱ्या, जाऊन इतकी वर्षं झालेल्या सेन्योरा ओट्यावर, साखरेच्या डब्यापाशी बोलत होत्या. वाक्याची सुरुवात सरळ, मग महत्त्वाचा शब्द यायच्या आधी थांबणं, नाकातून आत ओढलेला बारीकसा श्वास, आणि मग तो शब्द, जरा जास्तच जपून खाली ठेवल्यासारखा. दुसरं वाक्य, तोच श्वास. आवाज मध्येच घोगरा झाला, पण सेन्योरांचा आवाजही संध्याकाळकडे घोगरा व्हायचाच.

“कुणाचा फोन गं?” आतल्या खोलीतून ताईनं विचारलं. “कोण आजारी आहे?”

“कुणी नाही, ताई. शाळेचं आहे काहीतरी.”

“मग त्या बाईला एवढा दम कशानं लागलाय? वाक्यावाक्याला धाप टाकतेय.”

ताईला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं. ओट्याशी तिनं हात पुसले आणि फोन सुलटा केला. पडद्यावर विमानतळाच्या गणवेशातला एक दाढीवाला बोलत होता. त्याच्यानंतर कडेवर मूल घेतलेली एक बाई. मग परदेशी पेशंटना डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगणारी, इस्पितळातली दुभाषी, जिला वर्गात सगळे ‘शिट्टी’ म्हणायचे. सगळे धडधाकट, हसरे, आपापल्या ऑफिसांतून आणि बैठकीच्या खोल्यांतून तिचे आभार मानत होते. आणि प्रत्येक जण शब्दाआधी ओठ मिटत होता, श्वास आत घेत होता, उजवा खांदा किंचित वर जात होता. खांदासुद्धा. तिनं सगळी चित्रफीत पुन्हा पाहिली, मग आवाज बंद करून पाहिली. आवाजाशिवाय ते सगळे एखाद्या दवाखान्याबाहेर बसलेल्या माणसांसारखे दिसत होते.

मानपत्राचा मसुदा आदल्या दिवशीच आला होता आणि तिनं तो दोनदा, जरा सुखावूनच, वाचला होता. त्यात निष्ठा, समर्पण, पिढ्या घडवणं वगैरे नेहमीचं सगळं होतं. पण मधली एक ओळ नेहमीची नव्हती. ‘त्यांच्या विद्यार्थ्यांना कुठेही ओळखावे ते त्यांच्या थांबण्यावरून. घाईच्या या काळात शब्द तोलून उच्चारण्याचा हा संस्कार ही त्यांची स्वतःची देणगी होय.’ ही ओळ लिहिणारा माणूस नीट ऐकणारा होता, यात शंका नव्हती. त्याला थांबणं ऐकू आलं होतं. ताईला धाप ऐकू आली होती. एकच आवाज होता तो, आणि दोघांपैकी कुणाचं खरं हे तिच्याशिवाय आता या जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. बटाटे तिनं तसेच पाण्यात टाकले, अर्धे सालांसकट.

सेन्योरा एका लॉंड्रीच्या वर दोन खोल्यांत राहायच्या. लग्न होऊन समुद्रापलीकडून आल्या होत्या, नवरा लवकरच वारला होता, आणि परत का गेल्या नाहीत हे कुणी विचारलं की म्हणायच्या, सामान बांधायचा कंटाळा. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ फुसफुसायची आणि गरम कापडाचा वास जिन्यातून वर चढायचा. पुढे आयुष्यभर तिला स्पॅनिश म्हटलं की आधी इस्त्रीचा वास यायचा. शाळा नुकतीच संपली होती, घरात कुणी ती भाषा ऐकलेली नव्हती, शहरात दुसरं कुणी बोलणारं नव्हतं. रेडिओ नाही, कॅसेट नाही. होता तो एक माणूस, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला. त्या माणसाच्या तोंडून आलं ते स्पॅनिश. सेन्योरा हात हलवायच्या तसा हात हलला पाहिजे, भुवई उचलायच्या तिथं भुवई. आणि शब्दाआधी थांबायचं, ओठ मिटायचे, श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशीपासून त्या तसंच बोलायच्या, त्यामुळे ते भाषेतलंच आहे, हे तिनं धरूनच चाललं. ती घरी आरशासमोर उभी राहून त्याचा सराव करायची. शब्द चुकले तर चुकले, पण तो श्वास नेमक्या जागी आला की तिला वाटायचं, आज खरं बोलले. इतर चार-दोन मुली यायच्या आणि सोडून जायच्या. त्यांना तो श्वास कधी जमला नाही. तिला जमला. सेन्योरा एकदा तिचं वाचन ऐकता ऐकता मान वळवून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या होत्या. तिला वाटलं, शाबासकीच आहे. ती नजर आता, ओट्याशी उभं राहून, तिला परत दिसली, आणि ती शाबासकीसारखी दिसेना.

पुढं कॅसेटी आल्या, सिनेमे आले. त्यांतली माणसं पत्र्यावर गारा पडाव्यात तशी बोलायची. तिनं मनाशी ठरवलं की ही बाजारातली भाषा, सेन्योरांची घरंदाज. एकदा त्या मुलखातून आलेले एक पाहुणे शाळेत तिच्याशी तासभर गप्पा मारत बसले होते आणि जाताना डोळे पुसत म्हणाले होते, “तुमचं बोलणं ऐकून आजीची आठवण आली. तिची शेवटची वर्षं.” ‘आजीची’ हे तिनं लक्षात ठेवलं, स्टाफरूममध्ये सांगितलंही. ‘शेवटची वर्षं’ तिथंच राहिलं. तसं पाहिलं तर कुणी काही लपवलं नव्हतं. सेन्योरांच्या टेबलावर औषधाच्या बाटल्या होत्या, जिन्याच्या मधल्या वळणावर त्यांनी बसायला स्टूल ठेवलं होतं, छातीत पाणी होतं की झडप सैल होती असं काहीतरी डॉक्टर म्हणायचे. हे सगळं तिला माहीत होतं. एका हाताला आजार माहीत होता, दुसऱ्या हाताला भाषा. आणि आयुष्यभरात हे दोन्ही हात कधी एकमेकांना लागले नव्हते.

“ताई, तुला सेन्योरा आठवतात?” जेवताना तिनं विचारलं.

“मी कुठं पाहिलंय त्यांना! तू मात्र आठवतेस. आरशापुढे उभी राहून खांदे उडवायचीस. आई म्हणायची, पोरीला झटके येतायत, कुणाला तरी दाखवा.”

“मग दाखवलं का नाही?”

“बाबा म्हणाले, भाषा आहे ती. विषय संपला.” ताईनं बटाट्याचं साल दातातून काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि त्याच्याकडे नि मग तिच्याकडे पाहिलं. “काय झालंय तुला? सत्कार आहे की खटला?”

तिनं सांगितलं. सगळं नाही, श्वासाचं सांगितलं, मानपत्रातल्या ओळीचं सांगितलं. ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तुझ्या त्या बाईंना दम लागायचा, तो तू उचललास, आणि गावभर वाटलास.”

“हो.”

“आणि आता ते चव्हाट्यावर सांगणार.”

“सांगायला नको?”

“कुणाचं भलं होणार आहे सांगून? ती पोरं बिचारी ऐटीत बोलतायत. त्यांना म्हणायचं, तुम्ही बोलता ती ऐट नव्हे, दुखणं आहे? फुलं घे, फोटो काढ आणि घरी ये. इतकी वर्षं राबलीस, एक दिवस मिरवलीस तर आकाश कोसळत नाही.”

ताईचं म्हणणं व्यवहाराचं होतं, आणि तिला ते पटावं असं फार वाटत होतं. भाषणात काय सांगायचं एवढाच तर प्रश्न होता. सांगितलं तर समोरच्या प्रत्येकाच्या तोंडातली भाषा नासणार होती. त्या दिवसापासून ती माणसं तोंड उघडायच्या आधी बिचकली असती. नाही सांगितलं तर एका बाईचं गुदमरणं तिच्या नावावर, तिची स्वतःची देणगी म्हणून, फ्रेम करून भिंतीवर लागणार होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मुख्याध्यापकांना गाठून त्यातल्या त्यात मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला.

“सर, मानपत्रातली ती एक ओळ गाळता येईल?”

“कुठली?”

“थांबण्याची.”

“अहो, तीच तर मंडळाला सगळ्यात आवडली! बाकीचं काय, सगळ्यांच्याच मानपत्रात असतं. मागं त्या जर्मनच्या सरांनासुद्धा ‘पिढ्या घडवल्या’ होतंच. आणि ते तर मुलांना पाहून पळायचे.” ते हसले आणि मग आवाज उतरवून म्हणाले, “मॅडम, विनय पुरे आता. जे तुमचं आहे ते घ्या की.”

त्या दिवशी वर्गात तिनं ठरवून श्वास सोडून दिला. म्हणजे घेतला, पण माणसं घेतात तसा, वाक्य संपल्यावर. पहिली दोन वाक्यं निभावली. तिसऱ्यात शब्द आलाच नाही. साधा, रोजचा, खिडकी या अर्थाचा शब्द. तो त्या श्वासाच्या खुंटीला टांगलेला होता आणि खुंटी काढल्यावर तो कुठं पडला ते तिला सापडेना. ती घाईनं दुसरीकडे वळली, तिथंही तेच. हातात बोलायला काही उरलं नाही तेव्हा तिनं पुस्तक उघडलं आणि भरभर वाचत सुटली.

“मॅडम, कुणी मागं लागलंय का तुमच्या?” मागच्या बाकावरून आवाज आला आणि वर्ग हसला. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र हसली नाही. “आज तुम्ही दुसऱ्याच कुणासारख्या बोलताय,” ती म्हणाली.

“कुणासारखी?”

“माहीत नाही. कुणासारखीच नाही.”

तिनं पुस्तक मिटलं आणि मुलांना एकेक करून वाचायला लावलं. त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. व्हरांड्यातून, जिन्यातून, तासाला, तासाबाहेर ती अखंड चालू असायची; श्वास ती नेमका केव्हा घेते यावर स्टाफरूममध्ये पैजा लागत. रेडिओ उभी राहिली, स्पॅनिश वाचू लागली, आणि शब्दाआधी थांबली. ओठ मिटले, खांदा उचलला गेला. त्या क्षणापुरती त्या टवटवीत चेहऱ्यावरून कुणीतरी म्हातारी व्यक्ती खिडकीशी येऊन बाहेर डोकावावी तशी डोकावली, आणि मग शब्द आला आणि रेडिओ परत रेडिओ झाली. “छान,” असं म्हणायचं होतं, रोज म्हणायची तसं. तिनं नुसती मान हलवली. पुढची मुलगी. पुढचा मुलगा. सगळ्या वर्गातून सेन्योरा एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसत होत्या, दमत, पण एकही बाक न चुकवता.

ताईला तिनं जे सांगितलं नव्हतं, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, ते शनिवारच्या सकाळी साडीच्या निऱ्या घालताना पूर्ण आठवलं. आठवलं म्हणजे ते विसरलं कधीच नव्हतं. पण आजवर ते एखाद्या फोटोसारखं होतं, आता त्यात आवाज आला. दुपार होती. सेन्योरा खिडकीजवळच्या खुर्चीत, ती समोर, हातात पेन्सिल. खालून इस्त्रीची फुसफुस. सेन्योरांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिच्याकडे बघून एक वाक्य सुरू केलं. मला तुझ्याकडून एवढंच हवंय की तू, असं ते वाक्य होतं. मग त्या थांबल्या. ओठ मिटले, श्वास आत गेला, खांदा वर आला. ती थांबून राहिली. पेन्सिल उचललेली, चेहरा लक्ष देणारा, मान किंचित पुढं. शब्दाच्या मध्ये पडायचं नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. भाषा येण्यातला तो अर्धा भाग होता. सेन्योरांची नजर तिच्यावरच होती. शब्द मोठा असेल, असं तिला वाटलं. नवा असेल. ती थांबली, आणखी थांबली, पाय अवघडला तरी हलली नाही. लॉंड्रीवाला धुतलेल्या चादरी घेऊन वर आला, दारात उभा राहिला, आणि त्यानं चादरी फार सावकाश खाली ठेवल्या. “केव्हापासून?” त्यानं विचारलं. आणि ती ओठांवर बोट ठेवून म्हणाली होती, “त्या बोलतायत.” नंतर डॉक्टर म्हणाले, लगेच हाक मारली असती तरी काही उपयोग झाला नसता. ते खरं असेल, नसेल. डॉक्टर भला माणूस होता आणि ती लहान होती.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत जुने विद्यार्थी, नवे मागं, ताई तिसऱ्या रांगेत कडेला, पर्स मांडीवर घट्ट धरून. चित्रफीत झाली. मानपत्र वाचलं गेलं, आणि थांबण्याच्या ओळीवर पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांकडे बघत, आपलं घरातलं गुपित कुणी प्रेमानं सांगावं तशा. मग ती बोलायला उभी राहिली. काय करायचं ते अजून ठरलं नव्हतं. आभाराचं पहिलं वाक्य तिनं सुरू केलं आणि महत्त्वाचा शब्द जवळ आला तसे तिचे ओठ आपोआप मिटले, श्वास आत गेला. आणि समोर, पुढच्या रांगांतून, तोच श्वास तिच्याबरोबर आत गेला. मोठा आवाज नव्हता. कापड सरकल्यासारखा. खांदे वर आले आणि तिथंच राहिले.

शब्द आला नाही. तिनं वाट पाहिली, तो येईना. आणि समोर कुणी हललं नाही. कुणी पाण्याचा पेला पुढं केला नाही, कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं नाही. ते थांबले होते, मान किंचित पुढं, लक्ष देणारे चेहरे, पूर्ण विश्वासानं, तिनं शिकवलं होतं अगदी तसे. आणि ते कितीही वेळ थांबले असते. हे तिला तेव्हा कळलं. इथं ती कोसळली असती तरी ते थांबले असते. त्या खिडकीजवळच्या खुर्चीतून सेन्योरांना शेवटी जे दिसत होतं ते आता तिला दिसत होतं, फक्त शंभरपट: एक प्रेमळ, हुशार, वाट बघणारा चेहरा, आणि मदतीचं त्यात काहीही नाही.

मग तिनं ते सांगितलं. स्पॅनिशमध्येच, घाई न करता, चार-पाच साध्या वाक्यांत. जे थांबणं तुम्ही माझं म्हणून घेतलंत ते माझं नाही. माझ्या शिक्षिकेला श्वास पुरत नव्हता. तिला बोलायचं असे आणि हवा नसे, म्हणून ती थांबे. मी त्याला भाषा समजले. शेवटच्या वेळी ती थांबली तेव्हाही मी त्याला भाषाच समजले आणि बसून राहिले. हे सांगतानाही तो श्वास प्रत्येक शब्दाआधी येत होता आणि तिनं तो अडवला नाही. अडवला असता तर शब्दच आले नसते. ती खाली बसली. स्पॅनिश न कळणारे मुख्याध्यापक आणि मंडळाचे लोक उत्साहानं टाळ्या वाजवू लागले, आणि मग पुढच्या रांगा शांत आहेत हे लक्षात येऊन थांबले. ताई तिच्याकडे बघत होती. काय सांगून झालं हे तिला भाषेवाचून कळलं होतं, एवढं दिसत होतं.

कार्यक्रम संपल्यावर जुने विद्यार्थी रांगेनं वर आले. सगळ्यांत पुढं शिट्टी होती, इस्पितळातली दुभाषी. तिचे डोळे लाल झाले होते. तिनं फुलं डाव्या हातात घेतली, सवयीनं स्पॅनिशमध्येच सुरुवात केली, ‘आज तुम्ही आम्हाला’, आणि थांबली. ओठ मिटले. खांदा वर आला.

ती खुर्चीतून उठली. तिनं शिट्टीचं मनगट धरलं, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तिला आपल्या खुर्चीकडे वळवलं.

“बोलू नकोस,” ती घरच्या भाषेत म्हणाली. “आधी बस.”

“अहो मॅडम, मला काही झालेलं नाही.” शिट्टी ओशाळून हसली. “मी फक्त शब्द शोधत होते.”

“असशील. तरी बस. शब्दाला काय घाई आहे? आधी पूर्ण श्वास घे. अजून. मी बघतेय.”

शिट्टी बसली. तिनं एक मोठा, साधा श्वास घेतला आणि सोडला. आणि तळहाताखाली ती पाठ फुगली आणि खाली गेली. पुन्हा फुगली. तिनं हात काढला नाही. मागं रांग खोळंबली होती, माना किंचित पुढं करून सगळे उभे होते, आणि त्यांच्यातलं कुणीही घाई करत नव्हतं.